मोहफुलांची मालकीण

मागच्या महिन्यात माझ्या नातवाने बाजारातून चकल्यांचे एक पाकीट आणले. पाकिटावर नऊवारीतल्या एका हसऱ्या म्हातारीचे चित्र होते आणि त्याखाली लिहिले होते, ‘घरच्या हातची चव’. मी त्या कंपनीला त्याच दिवशी पत्र लिहिले. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. माझी विचारणा साधी होती : घर कोणाचे, हात कोणाचा, आणि त्या हाताच्या धनिणीला हे वाक्य छापण्यापूर्वी विचारले होते काय? पोचपावती आली, उत्तर आले नाही. स्मरणपत्र पाठवले आहे. त्यालाही उत्तर आले नाही तर पुढे काय करायचे ते मला ठाऊक आहे. दरम्यान, ज्या घरच्या हातांची चव मला प्रत्यक्ष ठाऊक आहे, त्यांच्याबद्दलची साक्ष या प्रकरणात नोंदवून ठेवतो. ऐकीव काही लिहिणार नाही. जे डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले आणि तोंडाने खाल्ले, तेवढेच.

आमचे गाव तहसिलीचे. चांद्याहून येणारा रस्ता गावात शिरेपर्यंत रस्ता म्हणवून घेई आणि पलीकडे निघाला की बांबू वाहणाऱ्या बैलबंड्यांची चाकोरी होऊन जंगलात नाहीसा होई. बाबा तहसील कचेरीबाहेर चिंचेखाली बसणारे अर्जनवीस होते. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी कायद्याच्या भाषेत उतरवून ते संध्याकाळी घरी परतत, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे निळी झालेली असत. ती बोटे विहिरीवर कितीही घासली तरी निळीच राहत. हातपाय धुऊन ते ओसरीवर टेकले, की आतून पहिला आवाज यायचा : तापलेल्या जवसाच्या तेलात काहीतरी ओले पडल्याचा. तो आवाज आला की आम्ही मुले कुठेही असलो तरी घरात हजर होत असू. जवसाचे तेल तापताना आधी उग्र धूर सोडते, डोळे चुरचुरतात. तो उग्रपणा मोडला की मागून एक गोडसर, भाजका वास येतो. आजही कुठे तो वास आला तर मला आधी चपला काढाव्याशा वाटतात, कारण चपला घालून स्वयंपाकघरात शिरण्याची आमच्याकडे कोणाची प्राज्ञा नव्हती. तिथे आत्याचे राज्य होते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न कळण्याच्या वयाआधीच तिचे लग्न झाले आणि कळण्याच्या आधीच ते संपले. ती माहेरी परत आली ती कायमचीच. त्या काळच्या आमच्यासारख्या घरांतल्या रीतीप्रमाणे ती दुपारी एकदाच जेवायची. सूर्य कलल्यानंतर तिच्या तोंडात पाण्याखेरीज काही जात नसे. आणि तरीही घरातले दिवेलागणीचे खाणे हे तिचे, केवळ तिचे काम. जिला त्या वेळी खाण्याची मनाई, तिच्याच हातात कढई. हे किती विलक्षण आहे असे आमच्यापैकी कोणाच्याही कधी मनात आले नाही. रोज समोर दिसणारी गोष्ट माणसाला दिसेनाशी होते.

ती कानोले करी, शेव पाडी, पावसाळ्यात अळूच्या पानांच्या वड्या करी. पण तिचा खरा हात बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, वड्यांवर होता. सकाळी भिजवलेली बरबटी दुपारचे उन्ह उतरले की पाट्यावर जाडसर वाटायची, त्यात हिरवी मिरची, जिरे आणि सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, आणि या शब्दावरून पुण्याच्या लोकांनी केलेली थट्टा मी आयुष्यभर पुरेशा कडक शब्दांत परतवलेली आहे. ओल्या पळसपानावर गोळा थापून ती वडा तेलात सोडी, आणि मग डोळे मिटून बसे. ती वडा पाहत नसे, ऐकत असे.

“ऐक बरं दामू,” ती मला म्हणायची, “आता तो कडकड बोलून राह्यला. म्हंजे अंदर पानी हाय. आवाज बारीक झाला का समजाचं, शिजला. चूप झाला का करपला.”

मी एकदा विचारले, “पन आत्या, चाखून काऊन नाई पाहात?”

“देवानं कान कायले देल्ले?” ती म्हणाली, आणि झाऱ्याने वडा उलटला.

आता मायबद्दल. माय धानोऱ्याकडची. तिचे वडील तिकडे एका मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, कारकून होते, त्यामुळे ती जंगलाच्या पोटातच वाढली. चैत्रात तिच्या माहेराहून बंडी यायची, आणि त्या बंडीत वाळवलेल्या मोहफुलांची दोन मोठी मडकी असायची. ती मडकी मागच्या पडवीत राहत आणि मायची चूलही मागच्या अंगणात. मोह घरात शिजवू द्यायला आत्या तयार नव्हती. तिच्या मते मोह हे एक तर गुरांचे खाणे, नाही तर दारुड्यांचे पिणे. मधले काही नाही. माय मात्र ती फुले मांडीवर घेऊन एकेकीतले केसर टिपून काढी, धुऊन मंद आचेवर मऊ होईपर्यंत उकळी, मग उखळात तिळाबरोबर कुटून त्या काळ्या, चिकट लगद्यात तांदळाचे पीठ मळी आणि लहान लहान वडे तळी. हे वडे बाहेरून कुरकुरीत, आतून ओलसर, आणि त्यांचा गोडवा गुळासारखा सरळ नसून थोडा आडवळणाचा. खाल्ल्यावर वाटे, आणखी एक खाल्ल्याशिवाय हे नक्की काय आहे ते कळणार नाही. आणखी एक खाल्ल्यावरही तसेच वाटे.

दोन चुलींमध्ये एक दार होते आणि त्या दारातून रोज संध्याकाळी संभाषण चाले.

“शेवंते, तुहं ते जंगल उकळाले ठेवलं काय?” आतून आत्या मायला विचारी.

“व्हय बाई. तुमच्या शहरात फुलं पडत नाईत, म्हून आनलं.”

“वासानं मानूस झुलाले लागते.”

“झुला ना मग. कोन पाहून राह्यलं?”

आमच्या ‘शहरा’त तेव्हा तीन गल्ल्या आणि एक कंदिलाचा खांब होता. ओसरीवर आम्हा खाणाऱ्यांची मात्र पंचाईत व्हायची. आधी वडा कोणता उचलला यावर दोन्ही चुलींची नजर असे. मी आत्याचा उचलला की मागच्या अंगणात भांडे आपटे. मायचा उचलला की आतून “माह्या वड्यात आता राम नाई राह्यला वाटते” असे ऐकू येई. बाबांनी यावर एक तोडगा काढला होता. ते दोन्ही हातांत एकेक वडा घेत, दोन्ही दारांकडे न पाहता समोरच्या रस्त्याकडे पाहत, आणि आळीपाळीने खात. अर्ज लिहिणारा माणूस कोणत्याही पक्षकाराला दुखवत नाही, हे मी त्यांच्याकडून तिथे शिकलो. पुढे ते मुळीच अंगी बाणवले नाही, हा भाग वेगळा.

त्या सुमारास आमचा मुलूख एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला, आणि नव्या राज्यामागोमाग त्याची दारूबंदीही आली. मोहफुलांपासून दारू निघते, सबब परवान्यावाचून कोणी घरात मोहफुले साठवू नयेत, असे कायद्याचे म्हणणे होते. मी कायद्याचा माणूस आहे. कायदा आहे तोवर तो पाळावा असेच माझे मत आहे. परंतु ज्याने हे कलम लिहिले त्याने मोहाचा वडा खाल्लेला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगू शकतो. ज्या मुलखात वर्षातले काही महिने लोक या फुलांवर जगतात, त्या मुलखात फुले ठेवायला परवाना मागणे म्हणजे कोकणात नारळ ठेवायला परवाना मागणे. या अर्थाचे पत्र मी पुढे योग्य त्या ठिकाणी पाठवले. ते असो.

धानाची कापणी चालू होती, म्हणून नक्की आठवते. संध्याकाळी मागच्या अंगणात मायची फुले उकळत होती, बाबा नुकतेच ओसरीवर टेकले होते, आणि वासाचा माग काढीत दारूबंदीचा एक जमादार सरळ आमच्या दारात आला. उंच, काटकुळा, मिशीला तेल लावलेला माणूस. त्याच्या मागे लाठीवाला शिपाई. जमादाराने जोडे काढले नाहीत. मागच्या पडवीपर्यंत गेला, मडक्यांची झाकणे काढली, आणि विचारले,

“फुलं कोनाची?”

बाबा ओसरीवरून उठून पडवीत आले होते. ज्या माणसाने हजारो लोकांच्या तर्फे सरकारशी कागदावर भांडण केले होते, त्याला तोंडी एक वाक्य सुचेना. मी तेव्हा मॅट्रिकला होतो आणि बाबांच्या कागदांतून कायद्याचे चार शब्द उचललेले होते. मी म्हणालो, “पंचाशिवाय झडती घेता येत नाही.”

जमादार वळला. “हा कोन वकील?”

“वकील नाई,” आत्या आतून म्हणाली, “मॅट्रिक हाय. अजून तेबी झाला नाई.”

पण पंच लागतो हे जमादारालाही ठाऊक होते. समोरच्या घरातल्या रहीमचाचांना मी बोलावून आणले. ते शिंपी; गळ्यात मापाची फीत तशीच ठेवून आले.

“साहेब, पंच होतो मी,” ते म्हणाले, “पन पहलेच सांगून ठेवतो. ह्या घरचं मी रोज खातो.”

“काय खाता?”

“जे समोर येईन ते. पूछता थोडी है आदमी?”

जमादाराला हसू आले असावे, पण त्याने कागद काढला. मालक म्हणून ज्याचे नाव लागेल त्याच्यावर खटला होईल आणि त्याला चांद्याला कोर्टात हजर व्हावे लागेल, असे त्याने सांगितले, आणि मग पुन्हा विचारले, फुले कोणाची? मायला तेव्हा सातवा महिना सरत आला होता. चांद्याची वाट म्हणजे बैलबंडीतले दोन मुक्काम आणि अखंड धक्के. गेल्या खेपेस असाच प्रवास केल्यावर जे झाले होते, ते घरातल्या सगळ्यांना आठवत होते. कोणी बोलत नव्हते इतकेच. माय चुलीपुढून उठायला लागली. एक हात भुईवर टेकवून, जड अंगाने.

“फुलं माही हायेत,” असे शब्द ऐकू आले. पण ते मायचे नव्हते. आत्या दोन चुलींमधल्या त्या दारात उभी होती, हाताला बरबटीचे पीठ तसेच.

“बाई!” माय म्हणाली.

“तू चूप बस. मोठ्यांच्या मंधात बोलू नोको.” मग जमादाराकडे वळून, “घरात मोठी मी. जे काही हाय ते माहं हाय. लिहा.”

जमादाराने तिच्याकडे निरखून पाहिले. मोकळे कपाळ, मोकळे हात, जाडेभरडे लुगडे. तो काही मूर्ख नव्हता, आणि दुष्टही नव्हता. आपले काम जाणणारा होता. तो सावकाश म्हणाला, “बाई, तुमच्यासारख्या बाया दिवस कलल्यावर खात नाईत, हे मले माहीत हाय. माह्या घरी बी आत्या होती. मग तुम्ही हे फुलं ठेवता कायसाठी? स्वतः खात नाई, म्हंजे दुसऱ्यासाठी. दुसऱ्यासाठी म्हंजे बाजारात इकासाठी. आन इकाची मोहाची कोनती चीज असते, ते मी सांगू काय?”

हा युक्तिवाद मी आजवर अनेकदा तपासून पाहिला आहे. त्यात फट नाही.

“मी खातो,” आत्या म्हणाली. आमच्याकडे बायाही अशाच बोलतात.

“मग खाऊन दाखवा.”

मायने आधीच्या घाण्यातले तळून ठेवलेले वडे सुपात निथळत होते. बाबा इतकेच म्हणाले, “बाई, राहू दे.” मला वाटते, कोर्टापेक्षा त्यांना या गोष्टीची भीती जास्त वाटत होती. तिचे ते व्रत बाबांच्या आठवणीच्याही आधीपासूनचे होते. त्या एका नेमावर तिने आपला सगळा मान, आपले घरातले स्थान, आपले सगळे म्हणणे उभे केलेले होते. आणि खायचे काय, तर ज्याला तिने आयुष्यभर गुरांचे खाणे म्हटले, ते.

आत्या विहिरीवर गेली, हाताचे पीठ धुतले, परत आली. सुपाजवळ मांडी घालून बसली. एक वडा उचलला, त्याच्याकडे पाहिले नाही, आणि खाल्ला. घाईने नाही, कडू औषध घेतल्यासारखाही नाही. शिस्तीत, चावून, शेवटच्या तुकड्यापर्यंत. माय पदर तोंडाला लावून उभी होती. रहीमचाचा फितीची गुंडाळी करत राहिले, पुन्हा सोडत राहिले.

“कसा लागला?” जमादाराने विचारले. त्याचा आवाज उतरला होता.

“जसा लागाचा तसा लागला,” आत्या म्हणाली. “ते बी लिहाचं हाय काय?”

ते त्याने लिहिले नाही. फुले घरमालकिणीने खाण्याकरिता ठेवली असल्याचे पंचासमक्ष दिसून आले, असे लिहिले. रहीमचाचांनी सही केली, आत्याने अंगठा दिला. मडकी त्याने नेली, पण खटला केला नाही. परवाना आणा आणि मडकी घेऊन जा, असे सांगून तो गेला. परवान्याचा अर्ज बाबांनी मला लिहायला लावला. तो माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज. अर्जदार म्हणून आत्याचे नाव होते, आणि तो मंजूर झाला. त्यानंतरच्या अनेक अर्जांच्या बाबतीत मला असे म्हणता येणार नाही.

त्या संध्याकाळी मात्र कोणी काही खाल्ले नाही. आत्याने पुन्हा आंघोळ केली आणि ओल्या केसांनी देवापाशी बसून राहिली. माय दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरली, हे मी पाहिले.

या ठिकाणी मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोहफुलांवर बंदी घालणारा कायदा मूर्ख असेल, पण त्याला कलम होते, कचेरी होती, परवाना होता. अर्ज केला की दाद लागत होती. एका पोरीला दिवस कलल्यावर खाऊ न देणारी बंदी कोणत्या राज्याने काढली? कोणत्या कलमाखाली? तिची मुदत काय होती? परवाना कोणत्या कचेरीत मिळे? मी हे प्रश्न धर्माच्या जाणकारांना विचारले, पत्रे लिहिली, वर्तमानपत्रांतून विचारले. मला श्लोक मिळाले, उत्तर मिळाले नाही. आणि ज्या घरात ती बंदी रोज आमच्या डोळ्यांसमोर बजावली जात होती, त्या घरात बाबा होते, माय होती, मी होतो. त्या बंदीला एवढ्या वर्षांत एकच माणूस आडवा गेला. तोही सरकारी, तोही नकळत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीप्रमाणे तेल तापले, धूर निघाला, धूर बसला. आत्याने बरबटीचे वडे तळले. डोळे मिटून, ऐकत. मागची चूल थंड होती, म्हणून माय आतच बसून पाने मांडत होती. पळसाची पाने तिने ओळीने मांडली : बाबांचे, आम्हा मुलांचे, स्वतःचे. मग आणखी एक मांडले आणि त्यावर दोन वडे ठेवले.

“हे कोनाचं?” आत्याने विचारले.

“तुमचं.”

“दिवस बुडला, दिसत नाई काय तुले? मी खात नाई.”

“काल खाल्लं.”

“काल जमादार होता.”

“बलावू काय त्याले?” माय म्हणाली. “गावातच हाय अजून. दामू, जा बरं.”

मी खरोखरच उठलो. बाबा ओसरीवरून आत येऊन दारात उभे राहिले. त्यांच्या हातात तेव्हा एकही वडा नव्हता. आत्याने मायकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मग तिच्या घशातून एक आवाज निघाला, तो हसण्याचा आहे हे कळायला आम्हाला वेळ लागला. तिने झारा खाली ठेवला, पानापुढे बसली, आणि आपल्या हातचा वडा मोडून तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. कपाळाला आठी पडली.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

तिने आणखी एक तुकडा मोडून चाखला.

“आज घालाचं राह्यलं वाटते.”

“नाई बाई,” माय हळूच म्हणाली. “रोजच इतलंच रायते.”

“रोज?” आत्याने बाबांकडे मान वळवली. “इतके वर्सं? आन कोनी सांगितलं काऊन नाई?”

बाबांनी निळी बोटे धोतराला पुसली. “आम्हाले वाटलं,” ते म्हणाले, “वडे असेच असतात.”

आत्या ताडकन उठली. फळीवरची मिठाची बरणी काढून आणली, आणि आमच्या प्रत्येकाच्या पानावर जाऊन, रागारागाने मीठ भुरभुरले. सर्वांत शेवटी स्वतःच्या पानावर.